रिपोर्टमधल्या दिशा नक्की कुणाच्या? (मीडियल, पोस्टिरियर, डिस्टल वगैरे)

मृण्मयी_प

नमस्कार मंडळी. बाबांचा (वय ६८) उजवा गुडघा दोन महिन्यांपासून दुखतोय. गच्चीचा जिना उतरताना पाय मुरगळला, तेव्हापासून. शेवटी एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये ओळ आहे: 'टेअर इन पोस्टिरियर हॉर्न ऑफ मीडियल मेनिस्कस' (मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, ती फाटलीय). डॉक्टरांनी नीट समजावलंय, उपचारही सुरू झालेत, त्यामुळे औषधाचा सल्ला नकोय. मला विचारायचंय ते वेगळं आहे.

माझा चुलतभाऊ फिजिओथेरपिस्ट आहे, लांब राहतो. सुरुवातीचे पंधरा दिवस तो फोनवरून व्यायाम सांगत होता. त्यानं विचारलं, "काकांना कुठे दुखतंय?" मी म्हटलं, "गुडघ्याच्या आत." त्याला वाटलं खोल, वाटीच्या मागे. मला म्हणायचं होतं आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याच्या बाजूला. पंधरा दिवस आम्ही दोघं दोन वेगळ्या जागांबद्दल बोलत होतो. व्हिडिओ कॉलवर बाबांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "अगं ताई, हे मीडियल आहे!"

मग फिल्म घरी आली. धाकट्या भावानं ती खिडकीच्या काचेला लावली आणि आमचा वाद सुरू झाला: यातली आतली बाजू कुठली? डावीकडची की उजवीकडची? तासभर बघूनही ठरेना.

तर प्रश्न असा की हे मीडियल, लॅटरल, अँटिरियर, पोस्टिरियर कुणाच्या बाजूनं मोजतात? बघणाऱ्याच्या की रुग्णाच्या? आणि साध्या माणसाला ते ओळखायची एखादी खात्रीची खूण आहे का?

क्षकिरण_तंत्रज्ञ

कायम रुग्णाच्या बाजूनं. याला अपवाद नाही.

मी २२ वर्षं एक्स-रे आणि सीटी विभागात आहे. फिल्म अशी बघायची की रुग्ण तुमच्यासमोर तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताला येतो, एखाद्याशी बोलताना येतो तसाच. सीटीचे आडवे काप बघताना तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभे आहात आणि रुग्ण उताणा झोपलाय, असं धरायचं. म्हणून पोटाच्या सीटीत यकृत उजवीकडे असूनही पडद्यावर डाव्या हाताला दिसतं. फिल्मवर आर किंवा एल असं अक्षर असतं, आधी ते शोधा.

गुडघ्यासाठी खूण सांगतो. समोरून घेतलेल्या कापांमध्ये नडगीच्या जाड हाडाशेजारी काडीसारखं बारीक हाड दिसेल. ते फिब्युला. ते कायम बाहेरच्या अंगाला असतं, म्हणजे लॅटरल. त्याच्या विरुद्ध बाजू मीडियल. बाबांचा गुडघा उजवा आहे, तेव्हा फिब्युला तुमच्या डाव्या हाताला दिसायला हवं.

मृण्मयी_प

दिसलं! तिसऱ्या ओळीतल्या चित्रांत अगदी स्पष्ट आहे. भाऊ बरोबर होता, मी चूक. धन्यवाद दादा.

शरीररचना_निवृत्त

मृण्मयी, तुझा प्रश्न फार मोलाचा आहे. मी एकतीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना शरीररचना शिकवली आणि दरवर्षी पहिला तास याच विषयाचा असायचा. सवडीनं लिहिते.

आधी उभी राहा. पाय जुळवलेले, चेहरा समोर, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले आणि तळवे पुढे वळवलेले, अंगठे बाहेर. हाताची ही ठेवण सहज येत नाही, मुद्दाम वळवावी लागते. ही झाली शरीररचनेची प्रमाण स्थिती. माणूस झोपलेला असो, वाकलेला असो, शीर्षासनात असो, वर्णन करताना तो असाच उभा आहे असं मानतात. शीर्षासनातही डोकं पोटाच्या सुपिरियरच, म्हणजे वरच, असतं.

हे ठरवून घ्यावं लागलं, कारण आपले रोजचे शब्द एका वेळी दोन-दोन कामं करतात. 'वर' घे. "गुडघ्याच्या वर जखम झाली" म्हणजे मांडीकडे, की वाटीवर, कातडीला? पहिलं सुपिरियर, दुसरं सुपरफिशियल. 'खाली' तसंच. बेंबीच्या खाली आणि त्वचेच्या खाली, या दोन वेगळ्या दिशा: इन्फिरियर आणि डीप. तुझं 'आत' तर घोटाळ्याचं मूळच आहे. आतल्या अंगाला म्हणजे मीडियल, आत खोल म्हणजे डीप. 'पुढे' म्हटलं तर छातीची बाजूही पुढे आणि हाताची बोटंही पुढे. तुझ्या चुलतभावाचं चुकलं नाही, तुझंही नाही. शब्दच अपुरा पडला.

शवविच्छेदनाच्या टेबलाशी याचा दाखला रोज मिळायचा. देह उताणा ठेवलेला असतो. मुलं छाती उघडतात आणि वहीत लिहितात, 'हृदय छातीच्या मधल्या हाडाखाली आहे'. त्यांच्या डोळ्यांना ते खालीच दिसतं. मी ते वाक्य खोडून 'हाडाच्या मागे' असं लिहून घ्यायचे. खाली लिहिलंत तर वाचणारा पोटात शोधेल, हे सांगितलं की मुलं एकदम गप्प व्हायची.

आता मीडियलबद्दल. कपाळ, नाक, बेंबी यांतून जाणारी एक उभी रेघ मनात काढ. त्या मध्यरेषेकडचं ते मीडियल, तिच्यापासून दूरचं ते लॅटरल. 'मधला' असा अर्थ घेऊ नकोस. दोहोंमधल्या गोष्टीला इंटरमीडिएट म्हणतात आणि ऐन मध्यरेषेवरच्या गोष्टीला मीडियन. डोळा कानापेक्षा मीडियल, नाकापेक्षा लॅटरल. एकटं 'मीडियल' काही सांगत नाही, ते कुणाच्या तरी तुलनेत असतं.

बाबांच्या गुडघ्यात दोन गाद्या आहेत. मीडियल मेनिस्कस इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी असते आणि आतल्या अंगाच्या अस्थिबंधाला घट्ट चिकटलेली असते. लॅटरल गादी जवळपास गोल आणि बरीच मोकळी. मोकळी असल्यामुळे ती मुरगळ्यात सरकून निसटते, चिकटलेली मात्र ताणली जाते आणि फाटते. पोस्टिरियर हॉर्न म्हणजे त्या सी अक्षराचं मागचं टोक. गुडघा पूर्ण दुमडला की भार तिथे येतो. बाबांना मांडी घालून बसताना किंवा उकिडवं बसताना जास्त दुखतं का बघ.

मृण्मयी_प

मॅडम, अगदी तसंच आहे. पूजेला मांडी घालून बसायचं त्यांनी पहिल्या आठवड्यातच सोडलं होतं.

अनिकेत७४

माझ्या आईच्या अँजिओग्राफीच्या वेळचा अनुभव लिहितो. रिपोर्टवर होतं 'प्रॉक्सिमल एलएडी ८० टक्के', म्हणजे हृदयाच्या एका वाहिनीतला अडथळा. आम्ही घरी सगळ्यांनी 'प्रॉक्सिमल'चा अर्थ 'अंदाजे' असा लावला. अप्रॉक्सिमेट शब्द डोक्यात होता. अंदाजे ८० टक्के आहे, म्हणजे कमीही असेल, असं मामा सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगत होता. त्याआधी एका ईसीजीवर 'इन्फिरियर वॉल' लिहिलं होतं, ते वाचून काका म्हणाले की इन्फिरियर आहे म्हणजे फारसं महत्त्वाचं नसावं.

त्या रुग्णालयात गर्दी होती, कुणाला थांबून सांगायला वेळ मिळाला नाही. आम्हीही विचारलं नाही. निर्णय घ्यायला दोन दिवस उशीर झाला. आई आता बरी आहे. पण ते दोन दिवस अजून सलतात. या शब्दांचा खरा अर्थ इथे कुणी लिहील का?

शरीररचना_निवृत्त

अनिकेत, लिहिते. इतरांच्याही उपयोगी पडेल.

प्रॉक्सिमल म्हणजे उगमाजवळचं, डिस्टल म्हणजे उगमापासून लांबचं. हातापायांत उगम म्हणजे धडाला जोडलेली जागा. कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल. इथे वर-खाली मुद्दाम वापरत नाहीत. हात डोक्यावर उचललास की मनगट कोपराच्या वर जातं, पण धडापासूनचं अंतर तेच राहतं.

रक्तवाहिनीत उगम म्हणजे जिथून रक्त येतं ती जागा. महारोहिणीतून डावी मुख्य वाहिनी निघते, तिला दोन मोठ्या फांद्या फुटतात. त्यातली एक एलएडी. पूर्ण नाव लेफ्ट अँटिरियर डिसेंडिंग, डावी, पुढून उतरणारी. नावातच पत्ता आहे, हृदयाच्या पुढच्या भागावरून ती टोकाकडे उतरते. आता शेतातला पाट डोळ्यांपुढे आण. पाटाच्या तोंडाशीच दगड अडकला तर पुढचं सगळं वावर कोरडं राहील. शेवटच्या वाफ्याशी अडकला तर तो एकच वाफा. प्रॉक्सिमल एलएडी म्हणजे पाटाचं तोंड. म्हणून डॉक्टर त्या शब्दाशी थबकतात.

इन्फिरियर वॉल म्हणजे हृदयाची खालची भिंत, जी श्वासपटलावर टेकलेली असते. दर्जाशी काही संबंध नाही. या भागाचा झटका आला की कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, आणि माणूस पित्त समजून अंगावर काढतो. बहुतेकांच्या बाबतीत या भिंतीला उजव्या वाहिनीतून रक्त मिळतं.

मुतखड्याच्या रिपोर्टमध्येही प्रॉक्सिमल-डिस्टल हीच जोडी असते. डिस्टल युरेटर म्हणजे मूत्रवाहिनीचा मूत्राशयाजवळचा शेवटचा भाग. तिथला खडा बराचसा प्रवास करून आलेला असतो.

सानिका_नर्सिंग

मॅडम, मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यम. एक गोष्ट मला पटतच नाहीये. डॉर्सल म्हणजे पाठीकडचं. हाताचं डॉर्सल म्हणजे तळव्याच्या मागची बाजू, ते समजलं. पण पावलाची वरची बाजू डॉर्सल कशी? ती तर पुढे दिसते! आमच्या वर्गात सगळ्यांनी पाठ केलंय, कारण कुणालाच माहीत नाही. आणि हाताचा अंगठा लॅटरल, पायाचा अंगठा मात्र मीडियल, हे का?

शरीररचना_निवृत्त

सानिका, तू विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि मला ते शिकवायला सगळ्यात जास्त आवडायचं.

गर्भ साधारण पाच आठवड्यांचा असताना हात आणि पाय वल्ह्यासारखे बाजूला निघतात. त्या वेळी हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा दोन्ही डोक्याच्या बाजूला असतात. तळहात आणि तळपाय दोन्ही पोटाच्या बाजूला वळलेले असतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात दोन्ही अवयव आपापल्या अक्षाभोवती फिरतात, पण उलट दिशांनी. हात बाहेरच्या बाजूला वळतो, म्हणून कोपर मागे जातं आणि अंगठा बाहेर येतो. पाय आतल्या बाजूला वळतो, म्हणून गुडघा पुढे येतो आणि अंगठा आत जातो. कोपर मागे, गुडघा पुढे, हे एवढंच आठवलंस तरी पुरे.

पायाची जी बाजू मुळात पाठीकडची होती तीच या वळण्यामुळे पुढे आली. म्हणून नडगीचा पुढचा भाग आणि पावलाची वरची बाजू, जिथे पैंजण रुळतं ती, डॉर्सल. तळपाय प्लांटर. तळहात पामर. पावलावर डॉर्सालिस पेडिस नावाची नाडी लागते, मधुमेहाच्या रुग्णांची तुला ती रोज तपासावी लागेल. अंगठा वर उचलायला सांग, एक दोरीसारखा स्नायुबंध ताठ होईल. त्याच्या लगत, करंगळीच्या बाजूला बोट ठेव.

पाठ करायची गरजच पडणार नाही.

सानिका_नर्सिंग

मॅडम, आत्ताच माझ्या स्वतःच्या पायावर सापडली. हॉस्टेलच्या खोलीतल्या सगळ्याजणी आपापले पाय धरून बसल्यात.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, सोलापूर जिल्ह्यात. आमच्याकडे अँटिरियर-पोस्टिरियर शक्यतो वापरत नाहीत. चार पायांच्या प्राण्याला 'पुढचं' म्हणजे डोक्याकडचं, आणि उभ्या माणसाला 'पुढचं' म्हणजे पोटाकडचं, म्हणून गोंधळ होतो. आम्ही क्रेनियल म्हणजे डोक्याकडे, कॉडल म्हणजे शेपटीकडे, डॉर्सल म्हणजे पाठीकडे, व्हेंट्रल म्हणजे पोटाकडे असं लिहितो. माणसाची सुपिरियर व्हेना कावा (वरची महाशिरा) आमच्याकडे क्रेनियल व्हेना कावा होते.

गाईच्या पुढच्या पायाला लोक ज्याला गुडघा म्हणतात, ते खरं तर तिचं मनगट. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो, तो तिचा घोटा. ती दोन बोटांच्या टोकांवर चालते. हे एकदा कळलं की गाय आणि माणूस एकाच आराखड्याचे दिसायला लागतात.

डाव्या-उजव्याचा प्रश्न आमच्याकडे जिवावर बेततो. पोटफुगीत गाईची डावी भकाळ (बरगड्यांमागची कूस) फुगते, कारण कोटीपोट, म्हणजे तिच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, डावीकडे असतं. रात्री फोन येतो, "डॉक्टर, उजवी भकाळ फुगलीय." मी विचारतो, "तुम्ही कुठे उभे आहात?" उत्तर येतं, "गव्हाणीपाशी, तिच्या तोंडासमोर." मी सांगतो, तिच्या शेपटीमागे जाऊन उभे राहा, तिचं तोंड जिकडे तिकडेच तुमचं करा, आणि मग सांगा. तेव्हा ती डावी निघते.

योगसाधक_नाशिक

वरच्या चर्चेवरून आठवलं. पश्चिमोत्तानासनात पश्चिम दिशा कुठून आली, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतात पूर्व म्हणजे पुढचं आणि पश्चिम म्हणजे मागचंही. पश्चिमोत्तान म्हणजे टाचेपासून डोक्यापर्यंत शरीराच्या मागच्या बाजूला ताण देणं. त्याची जोडी पूर्वोत्तानासन, त्यात पुढची बाजू ताणली जाते. दक्षिण म्हणजे उजवा, म्हणून प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला राहतो.

म्हणजे एक ठरलेली उभी स्थिती मानायची आणि तिच्यावरून शरीराला दिशा द्यायच्या, हे आपल्याकडेही होतं.

शब्दवेल

मग मराठीत हे शब्द का वापरू नयेत? अग्र, पश्च, ऊर्ध्व, अधो, अभिमध्य, पार्श्व, समीपस्थ, दूरस्थ. शाळेत ऊर्ध्व महाशिरा आणि अधो महाशिरा आपण शिकलोच की. रिपोर्ट मराठीत असता तर अनिकेत यांच्या घरी प्रॉक्सिमलचा घोटाळा झालाच नसता.

सानिका_नर्सिंग

ताई, मराठीवर माझंही प्रेम आहे, पण एक अडचण सांगते. 'पार्श्व' म्हणजे बाजूचं हे मला पुस्तकातून कळलं. आमच्या बोलण्यात पार्श्वभाग म्हणजे बसायचा भाग, आणि पार्श्वगायक पडद्याच्या मागून गातो. त्यामुळे पार्श्व वाचलं की डोक्यात 'मागे' येतं, आणि लॅटरल म्हणजे मागचं असं मी पहिल्या चाचणीत लिहून आले. 'अग्र'चं पण तसंच, जिभेचं अग्र म्हणजे टोक, पुढची बाजू नाही.

शरीररचना_निवृत्त

सानिकाचं निरीक्षण अचूक आहे. आणि शब्दवेल, तुमची तळमळही मला समजते. एकोणिसाव्या शतकात युरोपात एकाच अवयवाला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावं होती. १८९५ साली बासेल इथे लॅटिनमधली एक सामाईक यादी ठरली, पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या आणि १९९८ मध्ये टर्मिनोलॉजिया अनाटोमिका आली. लॅटिन तेव्हा कुणाचीच घरची भाषा नव्हती, त्यामुळे तिच्या शब्दांना बोलीतले दुसरे अर्थ चिकटलेले नव्हते. रिपोर्टमध्ये तेच शब्द राहू द्यावेत असं माझं मत आहे. गडचिरोलीतला रिपोर्ट चेन्नईतल्या डॉक्टरला वाचता आला पाहिजे.

पण समजावण्याची भाषा मात्र मराठीच हवी, आणि त्यासाठी संस्कृत शब्द घडवण्याआधी आपल्या घरातले शब्द नीट वापरू. आपण 'पाय दुखतो' म्हणतो, तेव्हा कंबरेपासून नखापर्यंत काहीही असू शकतं. मांडी, पोटरी, नडगी, घोटा, टाच, चवडा, हे किती नेमके शब्द आहेत! दंड म्हटलं की कोपराच्या वरचा हात, दुसरं काही नाही. उताणा, पालथा, कुशीवर हेही तसेच. 'पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, घोट्यापासून चार बोटं वर' असं कुणी फोनवर सांगितलं तर कुठलाही डॉक्टर अचूक जागेवर पोचेल.

शब्दवेल

पटलं. 'पार्श्व'चा विचार मी केला नव्हता.

दातांची_ताई

दातांच्या दवाखान्यातही रुग्णाचंच उजवं-डावं. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. चिठ्ठीवर २६ असेल तर तो 'दोन-सहा', वरच्या डावीकडची पहिली मोठी दाढ. सव्वीसावा दात नव्हे.

ओटी_सिस्टर

शस्त्रक्रिया विभागात मी परिचारिका आहे. "उजवा की डावा?" असं रुग्णाला आम्ही तीन-चार वेळा विचारतो, वेगवेगळी माणसं विचारतात, आणि नातेवाईक वैतागतात. "फाइलमध्ये लिहिलंय ना!" म्हणतात. कृपया वैतागू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी दिली, तिचे तीन टप्पे आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी. पहिल्या टप्प्यात रुग्ण जागा असतानाच त्याच्याकडून बाजू वदवून घेतात आणि त्या जागेवर पेनानं खूण केलेली आहे ना, हे बघतात. आम्ही "उजवा गुडघा ना?" असं विचारत नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "कुठल्या पायाचं ऑपरेशन आहे? हात लावून दाखवा," असं सांगतो. खूण पुसू नका, त्या दिवशी अंघोळीतही घासू नका.

अनिकेत७४

सिस्टर, आईच्या वेळी मीच वैतागलो होतो. आता कळलं. सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

मृण्मयी_प

सगळ्यांचे प्रतिसाद आज सकाळी बाबांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावला, फिल्म हातात घेतली, आर अक्षर शोधलं, मग बारीक हाडावर बोट ठेवून म्हणाले, "हे बाहेरचं." मग बोट पलीकडे नेलं. "आणि हे माझं दुखणं."

नंतर चुलतभावाचा फोन आला. त्यानं विचारलं, आज कसं आहे. बाबांनी फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "वाटीच्या आतल्या अंगाला, दोन बोटं मागे, सांध्याच्या फटीत. खोल नाही. दाबलं की कळतं." पलीकडे क्षणभर शांतता, मग तो म्हणाला, "काका, तिथेच बर्फ लावा, दहा मिनिटं. आणि उकिडवं बसू नका."